लिंबू आणि लातूरचा संगमरवर

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना कसलाच नाद नव्हता. तो मी लावला. नांदेडच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. लोहा गावाकडच्या शेतातून आणलेले चुनखडीचे खडे मी एकदा ओट्यावर ठेवले आणि त्यांवर सौम्य ॲसिडचा थेंब टाकला. खडा फसफसला. वडील पेपर टाकून उठले.

"हे काय झालं गं?"

"कार्बोनेट आहे, बाबा. ॲसिड लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचे बुडबुडे."

"लिंबानं चालतं का?"

चालतं, असं मी म्हणून बसले. मग काय! अंड्याची टरफलं, खायचा सोडा, गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर, ओसरीतली शहाबादी फरशी, दिसेल त्यावर लिंबू. सगळंच फसफसलं. "म्हणजे ही सगळी एकाच घराण्यातली," वडील खूश. आईची कॅल्शियमची गोळीही त्यांनी तपासली, तेव्हा मात्र आईनं लिंबं कपाटात कुलपाआड ठेवली.

अशात धाकट्या बहिणीसाठी लातूरचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचं धान्याचं आडत दुकान, नवं दुमजली घर. निघताना आईनं वडिलांचे खिसे तपासले. लिंबू नव्हतं.

लातूरला मुलाच्या वडिलांनी दारातच "शरणार्थ" म्हणून हात जोडले. हॉलभर पांढराशुभ्र संगमरवर. सोफ्यावर मुलाचे मामा बसले होते. "सगळा दगड आमच्या मेव्हण्यांनीच राजस्थानातून आणलाय," मुलाचे वडील म्हणाले. बहीण आणि मुलगा बोलायला गच्चीवर गेले, आणि आमच्यासमोर चुरमुऱ्यांचा सुशीला आला. प्रत्येक बशीत लिंबाची एक फोड.

मी आईकडं पाहिलं. आईनं डोळे मिटले.

वडिलांनी सुशीला तसाच खाल्ला. मग चमचा पडल्याचं निमित्त करून वाकले आणि सोफ्याच्या पायाशी फोड पिळली.

"पाव्हणं, काय करून राहिलात?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"इकडं या. कान लावा."

ते गृहस्थ खरंच गुडघ्यांवर बसले आणि फरशीला कान लावला. "आरं तिच्या! हे तर बोलून राहिलंय!"

वडिलांनी त्यांना कार्बोनेट समजावून सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं, हे मला शिक्षिका म्हणून मान्य करावं लागेल. आयुष्यभर मूठभर दाणे दाताखाली धरून मालाची पारख केलेला तो माणूस, त्याला ही परीक्षा लई आवडली. "आता जिना बघा," म्हणत त्यांनी स्वतःच्या बशीतली फोड पुढं केली.

पहिल्या पायरीवर लिंबू पिळलं. दोघांनी कान लावला. आवाज नाही. दुसऱ्या पायरीवरही नाही.

"मेव्हणं," मुलाचे वडील खालूनच म्हणाले, "हा मुका कसा काय?"

मामा ताडकन उठले. "मला चोर म्हणून राहिलात का, दाजी?"

"मी कुठं म्हणलो? लिंबू म्हणून राहिलंय."

आतून मुलाची आई आली. नवरा आणि भाऊ समोरासमोर उभे, मधे माझे वडील, हातात लिंबाची साल. माझी आई कानात पुटपुटली, "झालं. मोडलं."

आता मलाच उठावं लागलं. "जुना चाकू द्या," मी मुलाच्या आईला म्हणाले, "आणि बाथरूममधलं ॲसिड." पायरीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर मी चाकूनं थोडं खरवडलं. कागदावर पांढरी भुकटी जमली. त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि भुकटी फसफसून वर आली.

"हाही संगमरवरच आहे," मी म्हणाले. "हॉलमधला म्हणजे नुसतं कॅल्शियमचं कार्बोनेट. जिन्यातल्यात मॅग्नेशियमही आहे, त्याला डोलोमाइट म्हणतात. तो लिंबाला लवकर दाद देत नाही."

मामांनी वाकून भुकटी पाहिली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझा जिना लिंबाला भीक घालत न्हाई?"

"हाव. असंच म्हणा."

मामांनी दाजींकडं असं काही पाहिलं, आणि सुशीलाची आणखी एक बशी मागवली.

एवढ्यात मुलाची आई सोफ्याशी बसून ओल्या फडक्यानं काहीतरी घासायला लागली. लकाकत्या फरशीवर एक ठिपका मंद पडला होता. "निघंना की हो," ती म्हणाली. मला सांगावंच लागलं, "काकू, तो डाग नाही. तेवढा दगडच विरघळलाय." तिनं माझ्याकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, सोफा वीतभर सरकवला आणि ठिपका झाकून टाकला.

निरोप घेताना कुणी होकार दिला नाही, नकारही नाही. परतताना अहमदपूर मागं पडेतोवर गाडीत वडिलांना बोलणी बसत होती. मग आईच्या एकदम लक्षात आलं, मुलीला कुणी काही विचारलंच नाही.

"मुलगा कसा वाटला गं?"

"बरा आहे," बहीण खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आम्ही खाली यायला निघालो तर दोघांचे वडील पायरीला कान लावून बसलेले. तो इतका हसला, इतका हसला, की जिन्यातच बसला. मग मीही बसले. मी हो म्हणून टाकलंय."