मोंबाशाच्या वखारीची किल्ली

नाकासमोर चालणारा माणूससुद्धा समुद्रापार जाऊन केवढा घोळ घालू शकतो, हे आमच्या आतोबांना पाहिल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. साऱ्या जगावर त्यांचा अविश्वास आणि विश्वास काय तो आपल्या जानव्यावर. कानकोरणं जानव्याला, पेटीची किल्ली जानव्याला. एकदा तर दुखऱ्या दाढेची लवंगही त्यांनी फडक्यात गुंडाळून जानव्यालाच बांधली होती. आत्या म्हणायची, "माझं वजन जास्त म्हणून, नाहीतर मलाही बांधलं असतं!" तेव्हा ती चांगली ठणठणीत होती.

हे आतोबा मोंबाशाला एका शेठच्या वखारीवर कारकून होते. बोटीच्या भाड्यासाठी आत्याने रत्नागिरीतल्या सावकाराकडे पाटल्या गहाण ठेवल्या. दोन वर्षांनी त्यांची आई अत्यवस्थ असल्याची तार गेली आणि गृहस्थ अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत चढले. अकरा महिन्यांचा पगार शेठकडे राहिला तो राहिलाच. बोटीवर तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसतात तो काय, जानव्याला वखारीची वीतभर किल्ली! बोट मागे फिरवता येईल का, असं त्यांनी कप्तानालाही विचारून पाहिलं म्हणे.

मग सुरू झाली पत्रापत्री. रागाने आतोबांचा हात कापायचा, म्हणून लिहायला मी. "लिही, पगार हातात पडताच किल्ली रवाना करतो." शेठचं उत्तर यायचं, "किल्ली पोचताच पगार रवाना करतो." पुढल्या वर्षी तेच पत्र, तेच उत्तर. मी कंटाळून म्हणायचो, "आतोबा, टाका ना ती टपालात!"

"आणि वाटेत हरवली म्हणजे? जन्माचा चोर ठरेन मी!" मग लगेच आवाज उतरायचा. "आत लवंगांची पोती आहेत रे. बिचारे दार कसं उघडत असतील?" ते आपली बाजू मांडतायत की शेठची, हे मला कधीच उमगलं नाही. त्यांनाही उमगलं नसावं. दर श्रावणीला नवं जानवं गळ्यात पडलं की किल्ली खोबरेल लावून त्याच्यावर चढायची. आत्या आपले मोकळे हात पदराखाली घेऊन बघत राहायची. व्याजापायी तिने एक वेळचं जेवण कधी सोडलं, आम्हा कुणाला कळलंच नाही. "यंदा तरी पाटल्या सुटतील का हो?" एवढंच विचारायची.

नवव्या वर्षी ओळखीचा एक तांडेल गलबत घेऊन मोंबाशाला निघाला. आतोबांनी त्याला देवासमोर शपथ घालून किल्ली दिली आणि तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत. पावसाआधी तांडेल परत आला, तो पगाराची थैली घेऊन!

"शेठ हसायलाच लागला," तो सांगू लागला. "कुलूप म्हणे तुम्ही गेलात त्याच सांजेला फोडलं. पहिल्या पत्राला रागानं तसं लिहवलं, मग इसरून गेला. मुनीम आपला दर साल जुन्या उत्तराची नक्कल धाडतोय!"

"आणि किल्ली?"

"ती ना? टाकली असेल कुठं तरी."

आतोबा छातीवर हात ठेवून बसून राहिले. नऊ वर्षं आपण कशाची राखण केली, हे त्यांना कळेना. पगार हातात असूनही त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

त्याच दिवशी पाटल्या सोडवून आणल्या. आत्याने देवाला नमस्कार करून त्या हातात घातल्या आणि हात खाली केले, तर दोन्ही घसरून जमिनीवर पडल्या.

आतोबा गोंधळून त्या उलटसुलट करून बघू लागले. "अगं, तुझ्याच ना या? सावकाराने बदलल्या तर नाहीत?"

"माझ्याच हो. हात वाळले माझे."

ते कितीतरी वेळ तिच्या मनगटांकडे बघत होते, जणू आजच पहिल्यांदा दिसली. मग सदऱ्यात हात घालून त्यांनी जानवं बाहेर ओढलं आणि किल्लीच्या जागी दोन्ही पाटल्या बांधल्या. "पडतील कुठे. तुला भरतील तोवर माझ्याकडे राहू देत."

आत्या डोळे पुसत म्हणाली, "ठेवा. फक्त बोटीत तेवढं चढू नका."

त्या तिला पुन्हा कधी भरल्या नाहीत. आतोबा होते तोवर त्यांच्या सदऱ्याखाली पाटल्या वाजायच्या. अंगणात आवाज आला की आत्या आत पाट मांडायची. धक्क्याकडे मात्र ते पुन्हा फिरकले नाहीत.