आधी अस्तर

मास्तरांनी शिलाई मशीनवरची चादर स्वतःच्या हातानं खेचली आणि ताईच्या हातातला कप पडता पडता वाचला. अहो, ज्या भावाला दाढीसाठी उठवायला ती महिनोन्‌महिने विनवण्या करत होती, तो चक्क कात्रीला धार लावत होता!

मास्तरांना बायपोलरचा आजार. मन चढलं की झोप नाही, बोलण्याला लगाम नाही. उतरलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. गोळीनं चढणं आवरलं, पण उदासी हटेना. म्हणून डॉक्टरांनी जोडीला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. "काहींना थोडा फायदा होतो," ते म्हणाले, "पण ही नुसती जोड. गोळी सोडायची नाही."

"ताई, तुझा कोट शिवतो!" मास्तर गरजले. "गोदामात पार्सलं उचलतेस ती त्या फाटक्या स्वेटरवर? लोक म्हणतील, भाऊ मेला की काय!"

ताईला आभाळ ठेंगणं झालं. शेजारीण, गोदामातली माणसं, भाजीवाली, कुणालाच तिनं सोडलं नाही. "कॅप्सूल म्हणजे जादू हो, जादू!"

मास्तरांनी ते ऐकलं. जादू हाताशी असताना ती झोप आणणारी गोळी कशाला? त्यांनी गुपचूप बंद केली.

मग काय विचारता! मशीन थांबेना, गाणी थांबेनात. एक दिवस ताई दुपारी कामावरून आली तर मास्तर दारातच उभे. "झाला! घाल, घाल लवकर!"

तिनं आरशासमोर बाह्यांत हात घातले. तांबूस, झुळझुळीत, आत दोन खिसे, टाका कसा देखणा! पण अंगावर काही घातल्यासारखंच वाटेना. टेबलावर लोकरीचं कापड दोरीसकट तसंच पडलं होतं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हे अस्तर आहे. कोट कुठंय?"

आधी कोट कापायचा, मग अस्तर. हे न पाळणाऱ्या शिकाऊ पोरांचे कान पिळण्यात मास्तरांची हयात गेली होती. ते मटकन खाली बसले.

"गोळी बंद केलीय मी. वाटलं, आता काय गरज?"

जादू जादू म्हणून डांगोरा पिटला तो ताईनंच! ओरडायला तोंड कुठं होतं? तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच घेऊन या.

मास्तर उठले ते पुन्हा बोलतच. "कॉलर बदलतो, बटणं पितळी लावतो, शेजारणीलाही एक शिवतो! आणि तू ते काढ आधी. रस्त्यात हसतील लोक."

"हसू देत. माझ्या भावानं शिवलंय."

बाहेर बोचरा वारा होता. चार पावलं गेले नाहीत तोच मास्तर करवादले, "अगं वेडे, नुसत्या अस्तरानं थंडी भागते का कुणाची?"

"नाही भागत," ताई कुडकुडत म्हणाली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग दवाखान्याच्या दारापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.