खुर्चीच्या हातावरची हळद

नवऱ्याला जपानी कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं म्हणून आम्ही पुण्याहून टोकियोच्या कोतो भागात राहायला आलो. पुण्यात मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. इथे वर्षभर रिकामी बसले. मग सायकलने दहा मिनिटांवर, फर्निचरच्या एका लहान कारखान्यात इंग्रजी कॅटलॉग लिहायचं आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम मिळालं. मालक म्हणाले, तीन महिने बघू. ते सत्तरीचे सुतार, योकोहामातल्या चिनी कुटुंबात जन्मलेले. मला हे काम टिकवायचं होतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी खंडेनवमी आली. मालक जेवायला गेले असताना मी त्यांच्या रंध्यांना आणि पटाशांना हळदकुंकू वाहिलं. त्याच ओघात प्रदर्शनासाठी तयार ठेवलेल्या खुर्चीच्या हातालाही हळदीचं बोट लावलं. लाकडाला अजून तेल दिलेलं नव्हतं. ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर डाग पसरला आणि आत मुरला.

मालक परत आले. त्यांनी वाकून खुर्चीचा हात पाहिला.

“करी पावडर?”

“पूजा केली. हत्यारांची.”

“हत्यारांची ठीक आहे. खुर्चीने काय केलं होतं?”

मी माफी मागितली. त्यांनी अंगठ्याएवढा रंधा घेतला आणि डाग तासायला सुरुवात केली. खुर्चीचे दोन्ही हात आणि पाठ मिळून एकच सलग कमान होती. एक हात बारीक झाल्यावर दुसराही तासावा लागला. मी खुर्ची धरून उभी होते.

“तुम्ही कॅटलॉगमध्ये लिहिलंय, डॅनिश घाट,” ते म्हणाले. “डॅनिश लोकांनी हा घाट जुन्या चिनी खुर्चीवरून घेतला. मी तो शिकायला तरुणपणी डेन्मार्कला गेलो. आजोबा घरीच अशा खुर्च्या करायचे. त्यांना विचारलं असतं तर तिथली थंडी तरी चुकली असती.”

पाच वाजता डाग गेला. खुर्ची मात्र आराखड्याला जुळेना. प्रदर्शनाला दुसरी पाठवायचं ठरलं. रंध्यांवरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही.

मी निघताना ते म्हणाले, “ते डॅनिशचं वाक्य सोमवारी दुरुस्त करा.”

तीन महिने त्या शुक्रवारी संपत होते. मला सोमवार मिळाला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.