खंडेनवमीला आवरलेली फाइल

"मी काय बिघडवलं नाय साहेब, फक्त आवरलं," मोरे तिसऱ्यांदा म्हणाले आणि मी कपाळाला हात लावला.

मोरे महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमधले क्लार्क, मूळचे कुडपणचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कंपनीने तिथे युनिक्स या सिस्टिमवर चालणारा कॉम्प्युटर बसवला होता. मी सर्व्हिस इंजिनिअर. सहा महिन्यांच्या सगळ्या बॅचचे रिझल्ट मोऱ्यांनी एकट्याने त्यात भरले होते. बॅकअप घ्या, असं मी दर व्हिजिटला सांगायचो. घेतलेला नव्हता.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं धुऊनपुसून पूजतात. कॉम्प्युटरही बंद करून त्याला हार घातला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर चालू केला, तर स्क्रीनवर एकच ओळ: युनिक्स सापडत नाही. मग मला मुंबईहून बोलावणं.

मॅनेजरांनी दारातच सांगितलं, सगळं पुसा, नव्याने लोड करा आणि जबाबदार माणसाचं नाव रिपोर्टमध्ये लिहा. पुसलं असतं तर रिझल्ट गेले असते आणि पाठोपाठ मोऱ्यांची नोकरी.

म्हणून मोऱ्यांना खोदून विचारलं. पूजेआधी फडकं मारता मारता त्यांना मशीनच्या आतलंही आवरावंसं वाटलं. रूट म्हणजे डिस्कवरची सगळ्यात वरची जागा, बाकीच्या डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचे कप्पे, तिच्या पोटात. तिथे एक भलीमोठी फाइल सुटी दिसली. मोऱ्यांनी नवी डिरेक्टरी करून ती आत ठेवली.

"एवढी मोठी फाइल दारातच पडलेली. पूजेच्या दिवशी बरं दिसतं काय?"

ती फाइल म्हणजेच युनिक्स. मशीन चालू असताना ती मेमरीत असते, त्यामुळे हलवली तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम अगदीच हट्टी. तो फक्त रूटमध्ये बघतो. तिथे नसेल, तर शेजारी शोधायचेही कष्ट घेत नाही.

फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, डिस्क जोडली, फाइल रूटमध्ये आणून ठेवली. पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी मी दिवसभर एसटीत आदळत आलो होतो. रिझल्ट जसेच्या तसे होते. मोरे खाली बसले आणि पाणी प्यायले.

"नाव लिहिलंत का?" मॅनेजरांनी विचारलं.

ती फाइल हलवायला मुख्य पासवर्ड लागतो. तो क्लार्ककडे आला कुठून, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मीच दिला होता. बारीकसारीक कामांसाठी महाडला यायचा मला कंटाळा.

रिपोर्टमध्ये मी माझं नाव लिहिलं आणि पासवर्ड बदलला. पुढची दोन वर्षं, नवा युजर उघडायचा झाला तरी, मी महाडला जात होतो. तक्रार करायला तोंड नव्हतं.