उपटलेलं बटण

आमच्या रोह्याच्या कंपनीतल्या डिस्पॅचच्या खोलीत मागच्या वर्षी कित्येक महिने तिन्ही कीबोर्डांना बॅकस्पेसचं बटण नव्हतं. तुटलं नव्हतं, साहेबांनी स्क्रूड्रायव्हर लावून उपटून काढायला लावलं होतं. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी पेणची. रोज गाडीने रोह्याला येते आणि कंपनीच्या लॅबमध्ये माल तपासते. बाजूच्याच डिस्पॅचमध्ये वरसे गावची एक ताई बसते. पिंपांचे बॅच नंबर टाइप करायचे, त्यावरून लेबलं छापायची, हे तिचं काम. त्यासाठीचा प्रोग्राम जुनापुराणा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाहीच. सगळं चालतं कोपऱ्यातल्या सर्व्हरवर, टेबलावरचे संगणक नुसते त्याला जोडलेले. पंधरा वर्षं ती त्या काळ्या पडद्यासमोर बसली आणि तिच्याविरुद्ध कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग टेबलांवर नवे संगणक आले आणि ताईची लेबलं चुकायला लागली. चार आकडी नंबराचे पाच आकडे छापून यायचे. पहिला मेमो मिळाला तेव्हा ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मी चुकले व्हते, पण लगेच पुसलं गो. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मी काय म्हणावं? "ताई, चष्म्याचा नंबर तपासून घे." तिने खरंच रोह्यात जाऊन नवा चष्मा केला. तो घालून बसली आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा पाच आकडे.

साहेबांनी चौकशी केली म्हणे. काय चौकशी, तर बॅकस्पेस दाबलं की घोळ होतो एवढं त्यांना कळलं. का होतो, हे विचारायची तसदी कोण घेणार? त्यांनी हुकूम सोडला, बटणच काढून टाका. चुकलं तर चुकलं, एंटर मारायचं आणि दुरुस्तीची चिठ्ठी भरून साहेबांची सही घ्यायची. बरं, चिठ्ठी भरली की तीही चूक म्हणून धरायची! चिठ्ठ्या साठल्या आणि ताईला दुसरा मेमो मिळाला. तिसरा मिळाला की तिची रवानगी पॅकिंगच्या शेडमध्ये होणार होती. तिथे अख्खी शिफ्ट उभं राहावं लागतं आणि ताईचे गुडघे जिना चढतानासुद्धा बोलतात.

आमच्या घरी गणपतींचा कारखाना आहे. बाबा मूर्तीचे डोळे आखायला बसतात तेव्हा डाव्या हाताशी ओलं फडकं असतं. रेघ जरा हलली की पुसायची आणि पुन्हा ओढायची. सबंध पेणमध्ये कोणी त्याला निष्काळजीपणा म्हणत नाही. ते फडकं काढून घेऊन 'आता चुकवू नका' म्हणणारा माणूस आमच्या कारखान्याची पायरी पुन्हा चढू शकला नसता. कंपनीत मात्र त्याला केबिन होती.

ताई भाचीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर गेली आणि तिच्या जागी मला बसवलं. दुसऱ्याच नंबराला माझं बोट चुकलं. सवयीने बॅकस्पेसकडे गेले तर तिथे नुसतं भोक आणि तळाशी छोटासा खुंट. पेन्सिलीच्या टोकाने तो दाबला. आकडा गेला नाही. त्याच्यापुढे ^? अशी खूण उमटली. वहीत चुकलेला आकडा रद्द झाला म्हणून आपण त्याच्यापाशी खूण करतो ना, तशी. मी पुढे बरोबर आकडा टाकला आणि लेबल छापलं. कागदावर खूण गायब आणि आकडे पाच.

ताई म्हणत होती ते हेच! खूण दिसली की तिला वाटायचं पुसलं गेलं. मलाही तेच वाटलं असतं. आणि मी तिला डोळे तपासायला पाठवलं होतं.

परतीच्या गाडीत मोबाईलवर शोधलं. दुखणं सगळ्या जगाला माहीत असलेलं निघालं. पुसण्यासाठी जुना सर्व्हर एका संकेताची वाट बघत असतो आणि नव्या संगणकाचं बटण दुसराच पाठवतं. दुसऱ्या दिवशी प्रोग्राममधून बाहेर पडून मी सर्व्हरला थेट हुकूम द्यायच्या ओळीवर आले. पुसायचं बटण कोणतं ते सर्व्हरला सांगणारी stty erase ही आज्ञा लिहिली, जागा सोडली, कंट्रोल आणि V एकत्र दाबलं, मग पेन्सिलीने तो खुंट दाबला आणि एंटर मारलं. एक ओळ, बस. त्यानंतर खुंट दाबला की आकडा मुकाट्याने जायला लागला. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा लॉगिन केलं तर ये रे माझ्या मागल्या. तेव्हा तीच सोय लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवली. एवढ्या कामासाठी तीन कीबोर्ड बोडके केले होते!

ताई परत आली त्या सकाळी, रजेआधीच्या चिठ्ठ्यांवरून, तिसरा मेमो टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर तयार होता. मी साहेबांना अक्षरशः उठवून डिस्पॅचमध्ये आणलं. ताईने ड्रॉवर उघडला आणि टिकल्यांच्या डबीतून आपलं उपटलेलं बटण काढलं. तिने ते जपून ठेवलं होतं. मी ते जागेवर दाबून बसवलं आणि म्हटलं, "साहेब, तुम्हीच चुका आणि तुम्हीच पुसा."

त्यांनी नंबर टाकला आणि पुसला. पुन्हा टाकला, पुन्हा पुसला. खूश होऊन म्हणाले, "अरे वा! आधी का नाही सांगितलंत?"

"ही सांगत होती की," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

तिसरा मेमो त्यांनी फाडला. आधीच्या दोन मेमोंचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते आता फायलीला लागले. फायलीतलं थोडंच खोडता येतं?" मी आवाज चढवला, अर्ज लिहिला, वरच्या साहेबांपर्यंत गेले. मेमो जिथल्या तिथे आहेत.

ताई तिच्या खुर्चीवर आहे, एवढं मात्र झालं. परवा लेबलं घ्यायला गेले तर ती प्रत्येक नंबर आधी कागदावर लिहून घेत होती. मी विचारलं, आता कशाला? तिने कागद पडद्याशेजारी ठेवला. टाइप करताना एक आकडा चुकला, तिने बॅकस्पेस दाबलं. आकडा गेला. नवा चष्मा कपाळावर सरकवून तिने पडद्याला जवळजवळ नाक लावलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच गेला ना गो? की माझंच बघण्यात चुकतंय?"