टपालाने खेळलेली कबड्डी

वामनच्या अंत्ययात्रेला मी संत्र्यांची पिशवी घेऊन गेलो. पांढुर्ण्याला त्याच्याकडे रिकाम्या हातानं कधी गेलोच नव्हतो. सौंसरची संत्री त्याच्यापुढे ठेवायची आणि त्यानं एक फोड खाऊन "आंबट हाय" म्हणायचं, असा आमचा रिवाज. सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले जी," आणि मी सवयीनं पिशवी उचलून बस पकडली. अंगणात त्रिशरण चाललेलं, सगळे हात जोडून उभे, आणि मला हातच जोडता येईनात. शेवटी त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनीच, पिशवी माझ्याकडून काढून घेतली...

वामन पांढुर्ण्याचा पकडीचा गडी, मी सौंसरचा चढाईचा. लोक तसं म्हणत. खरं तर मी चढाईला जायचो आणि तो मला घोट्याला धरून धुळीत झोपवायचा. मोहगावच्या एका सामन्यात त्या पकडीत माझा घोटा मोडला. पुढच्या रविवारी तो आमच्या घरी हजर. आई दारात आडवी. "पाय मोडला, आता मान मोडाले आला का?" "नाही माय, दुसरा पाय कसा हाय ते पाहाले आलो." आईला हसू आवरलं नाही. तिनं त्याला चहा दिला, तोही आमच्याच कपात. त्या काळी आमच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे तो फौजेत गेला, आणि सत्त्याऐंशी साली त्याची पलटण शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत उतरली. तिथून पहिलंच पत्र: "जयभीम. मैदान नाही तर कागदावर ये. एका पत्रात एक चढाई." मी लिहायचो, "डाव्या कोपऱ्यातून शिरलो, तुझ्या गड्याच्या खांद्याला हात लावला." तिकडून यायचं, "लावू दिला. खाली पाह्य, घोटा माह्याजवळ हाय." नियम एकच: उत्तर येईस्तोवर दुसरं पत्र टाकायचं नाही. चढाईत दुसरा दम घेता येत नाही, तसंच.

मग उत्तर येणं थांबलं. रेडिओवर जाफन्याचं नाव आलं की मी आवाज वाढवायचो आणि 'जवान' हा शब्द आला की कमी करायचो. पोस्टमन लांबून दिसला की घरात शिरायचो, तो पुढे गेला की बाहेर यायचो. पांढुर्ण्याला विचारायला गेलो, तर शांतावहिनीच मला विचारायला दारात उभ्या. "तुमाले तरी आलं असंन न, भाऊजी?"

माझी बायको कुसुम, तेव्हा नवीनच आलेली, म्हणाली, "अजी, तुमीच लिहून पाहा न."

"पाळी त्याची हाय."

"माणूस जित्ता हाय का नाही याचा पत्ता नाही, अन् तुमी पाळी धरून बसून राहिले?"

मी तिला कबड्डीचा नियम समजावून सांगितला. तिला तो आधीच कळला होता. दुसरं पत्र टाकणं म्हणजे त्याला काही झालंय हे मीच मान्य करणं, आणि ते माझ्यानं होईना.

शेवटी तिनंच, मला न सांगता, कार्ड टाकलं. कितीतरी दिवसांनी उत्तर आलं, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरांत. उजवा हात जखमी, डाव्यानं लिहिलेलं. "वहिनी, जयभीम. याची चढाई मले भेटलीच नाही. इस्पितळात पडून मी समजून राहिलो का सौंसरवाला पळाला. पाळी त्याची होती, मंग मी कसं लिहू? घरी लिवलं नाही, हे असं अक्षर पाहून शांता घाबरंन. तुमीच सांगा तिले." म्हणजे तिकडे तो आणि इकडे मी, दोघंही नियमाचे पक्के... मी ते कार्ड घेऊन पांढुर्ण्याला गेलो. शांतावहिनींनी अक्षर न पाहता आधी खाली सही पाहिली आणि उंबऱ्यावरच बसल्या.

वामन परतला. पुढे घरोघरी फोन बसले तरी आमचा सामना टपालानंच चालू होता. गुण कुणाचे किती, यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

काही दिवसांनी वामनच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून परतताना बसमध्ये मी कुसुमला म्हटलं, "शेवटची चढाई माझीच होती. पकडायचं राहूनच गेलं त्याचं."

 ती म्हणाली, "तुमी दोघं खेळून राहिले होते जी. दम तर मी अन् शांतानं रोखला होता."