महिन्याला एकच प्रकरण

नाशिक रोडच्या त्या डॉक्टरांकडे मी लठ्ठपणावर उपचार घेत होतो. सगळ्यांची वजनं झाली की ते आम्हा पेशंटना आत बोलवत, चष्मा कपाळावरून नाकावर ओढत आणि एका जाडजूड कादंबरीतलं एकच प्रकरण मोठ्याने वाचत. ऐन रंगात आलं की पुस्तक बंद. "पुढचं पुढच्या महिन्यात."

एकदा माझं उतरलेलं वजन पुन्हा चढलं. मी वैतागून म्हणालो, "डॉक्टर, आता मी येणार नाही."

ते शांतपणे म्हणाले, "वजन वाढलं म्हणून कुणी हरत नाही हो. यायचं सोडतात, म्हणून हरतात. कथा कळेपर्यंत तरी या."

मी गुमान गोळ्या घेतल्या.

सायखेड्याच्या एक मावशी होत्या, फुलांची शेती करणाऱ्या. त्यांचं वजन छान उतरलं, तेव्हा डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "मावशी, आता सहा महिन्यांनी आलात तरी चालेल."

मावशी भडकल्या. "सहा महिने? गोष्टीतली ती पोरगी हिरीच्या काठावर उभी हाय, अन् मी घरी बसू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "खरंय. दर महिन्यालाच या."